मोजलेली झाडं

३ मार्च, मंगळवार

पुन्हा नाहीच जुळलं!

मॉडेल म्हणतं, तीन नंबरच्या काचघरात टोमॅटोचे शेंडे एव्हाना माझ्या करंगळीएवढे जाड व्हायला हवेत. मी मोजते तर पेन्सिल. बारीक पेन्सिल! एक, दोन आणि चार नंबरातली झाडं शहाण्या मुलांसारखी आखलेल्या रेषेवरून चालतात. हे तीन नंबरच तेवढं वांड निघालं.

जाडी मोजायचा कॅलिपर खिशात टाकून वळले तर मागे बागवान उभे. इथल्या झाडांना पाणी किती, खत किती, ऊब किती, हे इतकी वर्षं ते एकटे ठरवत आले. मी आल्यापासून माझा संगणकही त्यात तोंड घालतो.

"काय म्हणतोय तुमचा ज्योतिषी?"

म्हटलं, "तीन नंबराला साडेसाती आहे म्हणतोय."

हसले नाहीत. माझे विनोद इथे रुजत नाहीत. माती वेगळी असावी. खरं तर माती नाहीच इथे, पिशव्यांमध्ये नारळाचा भुसा भरलाय. म्हणूनच!

५ मार्च, गुरुवार

माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले होते. मालकीणबाईंनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. "सांगा यांना, तुम्ही नेमकं काय करता ते."

सांगितलं. मॉडेल म्हणजे हिशेबातलं झाड. त्याला रोज कळवायचं की बाहेर ऊन किती पडलं, आत ऊब किती होती, हवेत कर्बवायू किती सोडला. मग ते सांगतं, झाडानं आज अन्न किती तयार केलं, त्यातलं फळांच्या वाट्याला किती गेलं, पानांच्या किती. त्यावरून महिना-दीड महिना आधी अंदाज येतो की तोडा किती निघेल. खरं झाड या हिशेबातल्या झाडासारखं वागतंय का, ते बघायला मी दर मंगळवारी ठरलेली झाडं मोजते. प्रत्येक ओळीत एक-दोन. पिवळी फीत बांधलीय त्यांना.

तोडणी करणाऱ्या बायकांची मुकादमबाई क्रेट घेऊन तिथूनच चालली होती. थांबली आणि म्हणाली, "म्हणजे जावयाचं वजन करून मुलगी सुखात आहे का ते ओळखायचं म्हणा की!"

पाहुणे हसले, मालकीणबाई हसल्या. मीसुद्धा मनापासून हसले, कारण खरंच चांगलं होतं. हसून झालं आणि सगळे आपापल्या घोळक्यानं जेवायला गेले. मी जिना चढून खोलीवर आले.

खोली पॅकिंग शेडच्या वर आहे. खिडकीतून फक्त काचेची छपरं दिसतात, लांबच लांब, वाळत घातलेल्या चादरींसारखी. खुर्च्या दोन. एक माझी, एक कपड्यांची.

८ मार्च, रविवार

आईचा फोन.

"जेवलीस?"

"हो."

"एकटीच?"

"छे गं. सगळे एकत्रच बसतो जेवायला. मजा असते."

धादांत खोटं. पण आई दादाकडे राहते, तिथे दादा-वहिनी, मुलं, कुत्रा, टीव्ही, सगळं एकदम चालू असतं. त्या गलक्यात तिला माझी काळजी पाठवून काय करू? "येताना टोमॅटो आण," म्हणाली. तिला अजून वाटतं मी टोमॅटो पिकवते. संस्थेनं एका हंगामासाठी मॉडेल बसवायला पाठवलंय, हे तिला चारदा सांगून झालं. "तेच ते," म्हणते.

१० मार्च, मंगळवार

आज डोकं चालेनासं झालं.

तीन नंबरातली माझी झाडं आणखी मागे पडली. शेंडे बारीक, वाढ कमी, वरच्या घोसाला फुलं मोजकीच. मी मनाची तयारी केली की तोडाही घसरणार. आणि तोडा आला तो भरघोस! मॉडेलनं सांगितला होता जवळपास तेवढाच.

म्हणजे अख्खं काचघर मॉडेलचं ऐकतंय. फक्त मी मोजते तीच झाडं ऐकत नाहीत.

मुकादमबाईला सांगितलं तर तिला हसू आवरेना. "घरचीच पोरं ऐकत नाहीत हो, बाहेरची ऐकतात. कुठेही जा, तेच."

११ मार्च, बुधवार

सेन्सर तपासले. ठीक. वजनकाटा तपासला. ठीक. मॉडेलमधले आकडे पहिल्यापासून तपासले. ठीक. तपासायची राहिले फक्त मी.

१३ मार्च, शुक्रवार

एक सुचलंय. झाडाला सारखा हात लागला, ते हललं, की ते खुंटतं. हे खरं आहे, शिकताना प्रयोग केला होता. झाडाला वाटतं वारा सुटलाय, उंच जाण्यात अर्थ नाही. मग ते बुटकं राहतं. माझ्या झाडांचं तसं तर होत नसेल? आठवड्यातून एकदाच्या हाताळणीनं एवढा फरक पडू नये. पण दुसरं काही सापडतही नाही.

गंमत आहे. माझा हात लागला म्हणून झाड वाढायचं थांबतं! मग बसल्या बसल्या आठवू लागले, माणसाला माझा हात लागून किती दिवस झाले. निघताना आईनं गालावरून फिरवला तो तिचा हात. इथे? दुकानदारानं सुटे पैसे हातावर ठेवले ते धरायचं का?

पुरे. असं लिहीत बसलं की संध्याकाळ खायला उठते.

बागवानांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, हसतील, ज्योतिषावर एखादा टोमणा मारतील. त्यांचा चेहरा उलट एकदम आवळला. "मग हात लावणं सोडा ना. काही दिवस तीन नंबरात मोजूच नका."

"मोजलं नाही तर कळणार कसं?"

"सगळं कळलंच पाहिजे का, मॅडम?"

आणि पाठ फिरवून गेले. समजले मी. इतकी वर्षं यांच्या शब्दाबाहेर इथलं पान हललं नाही. आता कुणीतरी येऊन उंटावरून शेळ्या हाकतंय, मग नाकाला मिरच्या झोंबणारच.

१७ मार्च, मंगळवार

मोजलंच. का नाही मोजायचं?

तिसऱ्या ओळीतल्या फीतवाल्या झाडाचा शेंडा वळवून बघितला. कोवळं पान लांबट, अरुंद, कडेनं चुरगळलेलं. उजेडासमोर धरलं तर गडद हिरव्यात फिकट हिरव्याचे डाग, जुन्या भिंतीवर ओल पसरावी तसे. पुढच्या ओळीतल्या फीतवाल्या झाडाला पण तसंच. थोडं कमी.

बागवानांना बोलावलं. दुरूनच बघितलं त्यांनी. "ढगाळ हवा आहे. उजेड कमी पडला की पानं करतात असं."

पंधरा दिवस ढग आहेत हे खरं. दुसरं कुणी असतं तर मान्य करून मोकळं झालं असतं. पण ढगांचा हिशेब मॉडेलमध्ये आधीच धरलेला आहे! उजेड जेवढा कमी पडला तेवढा वजा करूनच ते सांगतंय की शेंडा जाड हवा. म्हणजे कारण ढग नाहीत. ऊब नाही, पाणी नाही, खत नाही, सगळंच धरलंय त्यात. जे काही आहे ते मॉडेलला माहीत नसलेलं आहे.

मालकीणबाईंना सांगितलं. साठी उलटलेली बाई, पण कानावर पडलेला शब्द वाया घालवत नाही. "पान प्रयोगशाळेत पाठवा. आणि काही निघालं तर पहिल्यांदा मला."

२० मार्च, शुक्रवार

अजून फोन नाही. आज दिवसभरात बोललेले शब्द: "नमस्कार", "चालेल", "नको, थँक्यू". पाव आणि अंडं. कपड्यांची खुर्ची ओसंडून वाहतेय.

२३ मार्च, सोमवार

विषाणू.

प्रयोगशाळेतली बाई फोनवर हळू आणि स्पष्ट बोलत होती, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशी. माणसाला यापासून काही होत नाही, फळ खाल्लं तरी. झाडाला मात्र औषध नाही. हातांनी पसरतो, चाकूनं, कपड्यांनी, फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांनीसुद्धा. आधी पानं, मग फळांवर तपकिरी चट्टे, मग माल कुणी घेत नाही. उपाय एकच. काचघर बंद करायचं, सगळं उपटायचं, धुवायचं, पुन्हा लावायचं.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. "सगळं तीन नंबर?" एवढंच विचारलं. बागवान उलट्या क्रेटवर खाली बसले. बघता बघता वय वाढलेला माणूस आज पाहिला.

संस्थेतल्या साहेबांना कळवलं तर ते हर्षभरित! "वा! डोळ्याला दिसायच्या आधी मॉडेलनं पकडलं! यावर लिहायलाच हवं." मी हो म्हटलं. क्षणभर, इथे खरं लिहिते, माझी छाती फुगली. सगळे हसत होते त्या ज्योतिष्यानं बरोबर सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तोडणीच्या बायकांच्या बाकावर जाऊन बसले. बातमी पसरली होती. हळूहळू एकेक उठून गेली.

२४ मार्च, मंगळवार

उपटण्याआधी रोग कुठवर गेलाय ते बघायला हवं होतं, म्हणजे शेजारचं चार नंबर वाचवता येईल. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचे कपडे घालून बागवान एका टोकाकडून शिरले, मी दुसऱ्या. आजारी दिसेल त्या झाडाच्या आधाराच्या दोरीला लाल चिकटपट्टी. मालकीणबाईंनी सगळं नकाशावर उतरवायचं काम मला दिलं. "तुमच्याइतकं नीट कोण काढणार?"

दुपारी खोलीत नकाशा काढायला बसले. पिवळ्या ठिपक्यांनी माझी झाडं, लाल ठिपक्यांनी आजारी झाडं.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला हात थांबला.

पिवळा ठिपका, त्याच्या दोन्ही बाजूंना लाल. मग नुसती निरोगी झाडं, किती तरी. मग पुढचा पिवळा, आणि पुन्हा त्याच्या दोन्ही बाजूंना लाल.

मी पुढच्या ओळी भराभर काढल्या. एखादी तरी ओळ वेगळी निघेल म्हणून. कुठे तरी फीत नसताना लाल दिसेल म्हणून. नाही निघाली.

म्हणून तोडा भरघोस होता. म्हणून फक्त माझीच झाडं मागे पडत होती. ती माझी होती म्हणूनच.

दर मंगळवारी मी पहिलं झाड कॅलिपरच्या चिमट्यात धरलं, शेंडा बोटांनी वळवला, पानं मोजली आणि त्याच बोटांनी पुढच्याकडे गेले. काचघर बदलताना हात धुतले, कोट बदलला, तसा नियमच आहे. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना नाही. हातमोज्यांनी पकड येत नाही म्हणून बोटं उघडी ठेवली होती. आकडा चुकू नये म्हणून!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर दोन्ही हात दाखवले.

२५ मार्च, बुधवार

नकाशा माझ्याकडेच आहे. पिवळे ठिपके काढून टाकले तर नुसते लाल उरतात, इकडेतिकडे विखुरलेले. कुणाला काही कळणार नाही. बागवानांनी ओळी अर्ध्याच पाहिल्या, आणि ते कागद बघणारे नाहीत. साहेब लेखाची वाट बघतायत. 'डोळ्याआधी मॉडेलनं पकडलं.' पकडलं खरं. चोरच पोलिसांना घेऊन आला.

मूग गिळून बसायचं का?

दिवसभर हा एकच प्रश्न, आणि विचारायला कुणी नाही. आईला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

२६ मार्च, गुरुवार

सांगितलं.

ऑफिसात मालकीणबाई, बागवान आणि मी. घोकून गेले होते ते सगळं विसरले. नकाशा पसरला आणि नुसतं बोट ठेवत गेले. ही माझी फीत, ही तिच्या बाजूची झाडं. ही माझी फीत. ही बाजूची झाडं.

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे तुम्ही?"

"हो. माझ्या हातांनी."

"आणि मुळात आला कुठून?"

"ते नाही सांगता येत. बियाण्यातून, कुणाच्या कपड्यांवरून. पण पसरवला मी."

खाली पॅकिंगचा पट्टा चालू होता, त्याची घरघर तेवढी येत होती. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"तीन नंबर झालं की लगेच मी चार नंबर मोजते. ते आजच्या आज बघायला हवं. आणि नवी रोपं येतील, त्यांना कुणीतरी पुन्हा असाच हात लावेल."

त्यांनी बागवानांकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

बागवान खिडकीबाहेर बघत होते. "नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला काय हवं होतं कुणास ठाऊक. 'होतं असं' म्हणाले असते. नाहीतर 'मी सांगत होतो, मोजू नका' म्हणून बोल लावला असता. शिवीसुद्धा चालली असती मला!

"एप्रिल संपला की तुम्ही परत जा," मालकीणबाई म्हणाल्या. "तोवर आवरायला लागा." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी चार नंबर बघितलं. पहिल्या ओळीत माझ्या फितीपाशी तीन आजारी झाडं. तेवढीच. आजूबाजूच्या झाडांसकट काढली, वाचलं बाकीचं. साहेबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग: "हे लेखी कुठे दिलं नाहीये ना तुम्ही?"

२८ मार्च, शनिवार

उपटणी सुरू. मी पण उतरले. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

वरच्या तारेची दोरी कापली की झाड एकदम खाली येत नाही. आधी झुकतं, शेजारच्याला टेकतं, मग दोघं मिळून बसतात. खाली लालभडक घोस तसेच. हिरवे त्याहून जास्त. या प्रत्येक घोसाचं वजन किती होणार होतं ते मला ठाऊक आहे. कुठल्या आठवड्यात पिकणार होता तेही.

परागीकरणासाठी ठेवलेल्या भुंग्यांच्या पेट्या काल झाकल्या. काही बाहेरच राहिले होते. ते आज मोकळ्या तारांभोवती घिरट्या घालत होते.

१ एप्रिल, बुधवार

मुकादमबाईच्या निम्म्या बायकांना घरी बसवलंय. तीन नंबर पुन्हा उभं राहीपर्यंत काम नाही. ती आज समोरासमोर आली. मी बाजूला झाले, तर तीच थांबली.

"एक विचारू? तुमच्या त्या मोजण्यातून आम्हाला काय मिळणार होतं?"

मी सांगायला लागले. अंदाज आधी कळला की कुठल्या आठवड्यात किती हात लागतील ते ठरवता येतं, मग आज बोलावलं उद्या परत पाठवलं असं होत नाही...

"हं," ती म्हणाली. "आता ठरलंच की. एकही हात नको."

यात विनोद नव्हता. पोटावर पाय आला की माणूस असंच बोलतं. मी मान खाली घातली. तिनं क्रेट उचलला आणि गेली. जाताना तिच्या चपलेचा आवाज शेडच्या टोकापर्यंत येत राहिला.

३ एप्रिल, शुक्रवार

कुणाशीच बोलले नाही. खोकून बघितलं, आवाज आहे.

५ एप्रिल, रविवार

आईचा फोन. आज खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"आई, माझ्या हातानं रोग पसरला गं."

"काय? रोग? तुला?"

"मला नाही. झाडांना."

"मग रडतेस कशाला?"

मी रडत होते हे मला तिच्याकडून कळलं. सांगत सुटले. काचघर उपटलं, लोकांची कामं गेली, मी सगळ्यांसमोर कबूल केलं, आता कुणी तोंड उघडत नाही माझ्याशी. दादाच्या घरातला गलका मागे चालूच होता. आईनं कुणाला तरी दटावलं, दार लावल्याचा आवाज आला, आणि ती एकदम जवळून बोलू लागली.

"मग जेवायला कुणाबरोबर बसतेस?"

"कुणाबरोबर नाही. आधीपासूनच नाही."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"अगं, चार माणसांत बसलेल्याच्या मागे काहीतरी वाजतं. भांडं पडतं, कुणी खोकतं. तुझ्या मागे कधी काही वाजलंच नाही, बाळा."

फोन तसाच धरून बसलो दोघी. मग म्हणाली, "केलंस ते निस्तरून ये. घाईनं पळून येऊ नकोस." आणि लगेच, "टोमॅटो राहू दे आता."

८ एप्रिल, बुधवार

तीन नंबर रिकामं. फरशी धुतली, तारा पुसल्या, काचा आतून चकचकीत केल्या. आत पाऊल टाकलं की आपलाच श्वास ऐकू येतो.

संगणक उघडला तर पडद्यावर तीन नंबरची रेष चढतेच आहे! मी बंद करायला विसरले होते. ढग गेलेत, ऊन चांगलं पडतंय, वरच्या सेन्सरला ते दिसतंय, म्हणून मॉडेलच्या लेखी झाडं जोमात आहेत. शेंडे करंगळीएवढे. या आठवड्यात नवा घोस धरला. पुढच्या महिन्याचा तोडा हंगामातला सर्वांत मोठा.

त्याला कुणी कळवलंच नाही.

बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. वेडेपणा आहे. कळतंय मला. पण उद्या बघू.

९ एप्रिल, गुरुवार

बंद केलं.

मग बसून नियम लिहून काढले, पुढे जे कुणी मोजायला येईल त्यासाठी. प्रत्येक झाडाला नवा हातमोजा. कॅलिपर दोन, एक जंतुनाशकाच्या पाण्यात बुडलेला, एक हातात. मोजायची झाडं ओळीच्या शेवटची, आणि मोजणी सगळ्यांचं काम झाल्यावर. आणि मोजलेली झाडं एकाएकी मॉडेलपासून फटकून वागू लागली तर आधी मोजणाऱ्याकडे बघा. मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, शेवटच्या ओळीपाशी थोडं थांबल्या. "हे चारही काचघरांच्या दाराला लावा." एवढंच म्हणाल्या. पण गेल्या पंधरा दिवसांत कुणी मला सांगितलेलं हे पहिलं काम.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी दारावर थाप. इथे आल्यापासून माझं दार कुणी वाजवलं नव्हतं. मला आधी कळेचना आवाज कसला ते.

बागवान. जिना चढून धाप लागलेली. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच उभे.

"पहिलं झाड मी उपटलं होतं," म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी. तीन नंबरातच. पानांवर हीच नक्षी. ओळखली होती मी. बोललो असतो तर सगळं काचघर जाणार, आणि माझ्या हाताखाली गेलं म्हणणार. उपटून जाळलं. वाटलं, संपलं. त्याच्या शेजारच्याच झाडाला तुम्ही फीत बांधलीत. त्या दिवशी ऑफिसात तुम्ही बोलत होतात, आणि मी खिडकी बघत होतो."

राग असा उसळला की दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. ते मान खाली घालून, मारून घ्यायला आल्यासारखे.

"मालकीणबाईंना तुम्ही सांगताय, का मी सांगू?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "तुम्हीच सांगा. मी शेजारी उभी राहते. तिथे एकट्यानं जाऊ नका. मी गेले होते."